सौदा नेमका कोठे झाला?

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक व्यापारी पेढी आणि विदर्भातील खामगावची एक जिनिंग व तेलगिरणी यांच्यामध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोनवरून बोलणे झाले. अहमदाबादकरांनी सरकीच्या पेंडीची मागणी केली, खामगावकरांनी होकार दिला आणि दोन्हीकडे टेलिफोन खाली ठेवले गेले. कागदाचा कपटाही झाला नाही. पुढे पेंड पोहोचली नाही म्हणून अहमदाबादच्या पेढीने तेथल्याच शहर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. गिरणीचे म्हणणे असे की, आम्ही होकार दिला तो खामगावात बसून, माल द्यावयाचा होता तो खामगावात, पैसेही तेथेच घ्यावयाचे होते. मग अहमदाबादच्या न्यायालयाचा येथे संबंधच काय? पेंडीची प्रत नव्हे, भाव नव्हे, तर सौदा नेमका कोठे झाला एवढ्या एका प्रश्नावर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३० ऑगस्ट १९६५ रोजी त्याचा निर्णय लागला. मूळ दाव्याची सुनावणी व्हावयाची ती त्यानंतर!

न्यायमूर्ती शहा व न्यायमूर्ती वांच्छू यांनी असे ठरविले की, होकार जेथे ऐकू आला तेथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेस. पत्राची गोष्ट निराळी, कारण पत्र टपालात पडले की ते लिहिणाऱ्याच्या हातून सुटते. टेलिफोनवर मात्र दोघे समोरासमोर असल्यासारखेच असतात, अशी ही विचारसरणी होती आणि इंग्लंडमधील न्यायालयाने १९५५ साली टेलेक्सच्या बाबतीत हाच मार्ग पत्करला होता. तिसरे न्यायाधीश हिदायतुल्ला यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या या व्युत्पन्न गृहस्थांचे म्हणणे असे की, १८७२ च्या करार कायद्यातील शब्द स्पष्ट आहेत. होकार देणाऱ्याच्या हातून तो सुटला की करार झाला. टेलिफोन नंतर आला म्हणून कायद्याचे शब्द आपल्याला बदलता येणार नाहीत. तो कायदा झाला तेव्हा टेलिफोनचा शोध लागावयास अजून चार वर्षे अवकाश होता, ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक होती. मतभेद होता तो, यंत्र कायद्याच्या पुढे धावू लागले म्हणजे न्यायाधीशाने किती धावावे याविषयी.

हे जुने प्रकरण आज आठवण्याचे कारण घरगुतीच आहे. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळचे आमचे एक सहकारी, ड्रॉइंगचे मास्तर, निवृत्तीनंतर पुन्हा जलरंगांकडे वळले आहेत. त्यांनी एका परदेशी संकेतस्थळावरून अस्सल केसांच्या कुंचल्यांचा संच मागविला. नऊ हजारांवर रुपये क्रेडिट कार्डाने तत्क्षणी वळते झाले आणि तीन आठवड्यांनी जे पुडके आले त्यात नायलॉनचे कुंचले निघाले. मास्तरांनी तक्रार पाठविली, तिला उत्तर आले ते यंत्राचे. दुसरी पाठविली, तिलाही तेच उत्तर, शब्दशः. अखेर त्यांच्या नातीने त्या संकेतस्थळाच्या अटी शोधून काढून वाचून दाखविल्या. त्यांत असे निघाले की, ‘मला मान्य आहे’ या चौकोनात बोट टेकविताच मास्तरांनी अमेरिकेतील एका घटकराज्याचा कायदा पत्करला होता, आणि जो काही वाद होईल तो तेथील एका शहरात लवादापुढे न्यावयाचे कबूलही केले होते. पुण्याबाहेर ज्यांनी कधी कोर्टाची पायरी पाहिली नाही, किंबहुना पुण्यातही पाहिली नाही, अशा माणसाने नऊ हजार रुपयांच्या कुंचल्यांसाठी सात समुद्रांपलीकडे लवाद नेमावयाचा! मास्तरांनी आम्हांस विचारले, “का हो, हा सौदा झाला तरी कोठे?”

प्रश्न खामगावचाच आहे. फरक इतकाच की तेव्हा दोन्ही टोके एका देशात, एका करार कायद्याखाली आणि एका सर्वोच्च न्यायालयाच्या छत्राखाली होती. आज त्या छत्राचा पत्ता नाही. इलेक्ट्रॉनिक व्यापाराला आंतरराष्ट्रीय कायदा नाही असे पुष्कळजण समजतात, ते मात्र खरे नव्हे. कायदा आहे, आणि तो बराच आहे. परंतु तो कोणाच्या उपयोगी पडावा म्हणून घडविला गेला हे पाहू लागले म्हणजे मास्तरांच्या पदरी काय येते ते कळू लागते.

खामगावच्या निकालानंतर सव्वा वर्षाने, डिसेंबर १९६६ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्यासाठी एक आयोग स्थापन केला. ‘अनसिट्रल’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो, त्याचे कार्यालय व्हिएन्ना येथे आहे, आणि आरंभापासून भारत त्याचा सभासद आहे. या आयोगाने १९९६ साली इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा एक आदर्श कायदा तयार केला आणि ३० जानेवारी १९९७ रोजी आमसभेने ठराव करून तो सर्व राष्ट्रांपुढे ठेवला. आदर्श कायदा म्हणजे कोणावर बंधन नव्हे; शिंप्याने कागदाचा नमुना कापून द्यावा आणि ज्याने त्याने आपापल्या अंगाप्रमाणे कापड बेतावे, तसा हा प्रकार. ऐंशीहून अधिक राष्ट्रांनी आपले कायदे या नमुन्यावर बेतले. आपला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्यांतलाच असून त्याच्या प्रास्ताविकातच आमसभेच्या त्या ठरावाचा उल्लेख आहे. तो कायदा त्या वर्षी १७ ऑक्टोबरपासून अमलात आला.

या नमुन्याची करामत कोणती? तिच्या कर्त्यांनी यंत्राविषयी विचार न करता कागदाविषयी विचार केला. कायदा ‘लेखी’ असा आग्रह धरतो तो का? पुढे केव्हाही वाचता यावे म्हणून. ‘सही’ मागतो ती का? हे कोणाचे आहे आणि त्याला ते मान्य आहे, हे कळावे म्हणून. ‘मूळ प्रत’ मागतो ती का? मध्ये कोणी खाडाखोड केली नाही याची खात्री पटावी म्हणून. मग ही तीन कामे जी कोणती वस्तू करील तिला कागदाचा मान द्यावा. ती केवळ कागद नाही एवढ्याच कारणास्तव तिला दाराबाहेर उभी करू नये. वर्गात निबंध तपासताना आम्ही मुलांना सांगत असू की, शाई निळी की काळी याला गुण नाहीत, मजकुराला आहेत. तीच ही गोष्ट आणि ती त्या काळच्या मानाने पुष्कळच शहाणपणाची होती. ज्या समाजात अंगठ्याचा ठसा शतकानुशतके सही म्हणून चालला त्याला तर ती समजावयास अडचण पडू नये.

तरी आपल्या कायद्याने पहिल्याच पावलाला ठेच खाल्ली. आदर्श कायद्याने कोणत्याही एका तंत्राची बाजू घेतली नव्हती. आम्ही मात्र २००० साली इलेक्ट्रॉनिक सहीची एकच विशिष्ट गणिती पद्धत तेवढी ग्राह्य धरली आणि इतर सर्व पद्धतींना वगळले. ही चूक २००८ च्या दुरुस्तीने सुधारली गेली. त्याच दुरुस्तीने कलम १०-क घालून इलेक्ट्रॉनिक साधनांनी झालेला करार केवळ त्या कारणास्तव निष्फळ ठरत नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. मृत्युपत्र मात्र अद्याप कागदावरच करावे लागते, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. अमेरिकेतील कथा अधिक गमतीची आहे. ३० जून २००० रोजी फिलाडेल्फियात अध्यक्ष क्लिंटन यांनी इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या कायद्यावर समारंभपूर्वक कार्ड घालून यांत्रिक सही केली. परंतु त्याआधी त्यांना मुकाट्याने लेखणीने सही करावी लागली होती. यांत्रिक सहीला ज्याने वैधता यावयाची तो कायदाच तिच्यापूर्वी कोठे अस्तित्वात होता?

व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांपुरता विचार केला तर या कायद्याने आपले काम चोख बजावले आहे. दुबईच्या ट्रायमेक्स आणि भारतातील वेदांत या दोन कंपन्यांमध्ये ऑस्ट्रेलियातील बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा २००७ साली केवळ ईमेलच्या देवघेवीतून झाला होता. पुढे वाद उत्पन्न झाला तेव्हा, सविस्तर करारपत्रावर सह्या झाल्या नव्हत्या म्हणून करारच झाला नाही, असे म्हणण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ते म्हणणे साफ फेटाळले आणि वाद लवादाकडे धाडला. मोठ्या सौदागरांना हवी असते ती ही निश्चिती, आणि ती त्यांना लाभली आहे.

एक क्षेत्र मात्र असे आहे की जेथे कागदाने फार दिवस दाद दिली नाही, आणि ते आपल्या मुंबईच्या जुन्या व्यापाऱ्यांस चांगले परिचयाचे आहे. हुंडी घ्या, किंवा बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर माल चढविल्याची पावती घ्या. येथे कागद हा केवळ पुरावा नसतो. तो ज्याच्या हातात त्याचे पैसे, तो ज्याच्या हातात त्याचा माल. संगणकावरील लेखाच्या पाहिजे तितक्या नकला निघतात आणि प्रत्येक नक्कल मुळासारखीच असते. मग ‘हातात असणे’ म्हणजे काय? दहा जणांच्या हातात एकच हुंडी आली तर कोणाला सकारावयाची? अनसिट्रलने २०१७ साली यासाठी स्वतंत्र आदर्श कायदा केला. ताबा या शब्दाच्या जागी त्याने नियंत्रण हा शब्द योजिला. ज्या व्यवस्थेत एका वेळी एकाच व्यक्तीचे अनन्य नियंत्रण राहते व ती कोण हे ओळखता येते, त्या व्यवस्थेतील लेख हा हातातील कागदाच्या बरोबरीचा मानावयाचा. सिंगापूरने २०२१ साली हे तत्त्व स्वीकारले. ज्या देशाच्या सागरी व्यापारी कायद्यावर अर्ध्या जगाचे व्यवहार चालतात त्या ब्रिटनने २०२३ साली त्याच धर्तीवर कायदा केला. आपण २०२५ साली १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा जुना कायदा मोडीत काढून नवा केला. भाषेची झाडलोट झाली, इंग्रजी अमदानीचे अवशेष गेले. परंतु इलेक्ट्रॉनिक पावतीसाठी स्पष्ट तरतूद करण्याची संधी मात्र हातची गेली. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी घर बांधावयास काढले आणि विजेच्या तारा टाकावयाच्या राहिल्या, असा हा प्रकार आहे.

आता मास्तरांकडे वळू. २००५ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय करारांतील इलेक्ट्रॉनिक दळणवळणाविषयी एक अभिसंधी संमत केली. आदर्श कायदा नव्हे, तर ज्याने सही केली त्याला बांधणारा करार. तो १ मार्च २०१३ पासून अमलात आला. त्यात एक कलम आम्हांस विशेष आवडले. यंत्राशी व्यवहार करताना माणसाच्या हातून चुकीचे बटण दाबले गेले आणि त्या यंत्राने चूक दुरुस्त करण्याची सोय ठेवली नसेल, तर चूक लक्षात येताच कळविणाऱ्याला ती मागे घेण्याचा हक्क, काही शर्तींवर, त्या कलमाने दिला आहे. माणूस चुकतो आणि यंत्र ऐकून घेत नाही, हे ओळखणारे असे कलम कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते. परंतु हीच अभिसंधी दुसऱ्या कलमात काय म्हणते? वैयक्तिक, कौटुंबिक वा घरगुती उपयोगासाठी केलेल्या करारांना ती लागू नाही! म्हणजे ज्याच्या हातून चुकीचे बटण दाबले जाण्याचा संभव सर्वांत अधिक, तोच वगळला. त्याची काळजी ज्याच्या त्याच्या देशातील ग्राहक कायद्याने घ्यावी असा यामागील विचार आहे आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. भारत मात्र या अभिसंधीत सामीलच नाही. त्यामुळे आपल्या लहान निर्यातदारालाही तिचा लाभ नाही.

देशातील ग्राहक कायद्याविषयी बोलावयाचे तर आपला २०१९ चा कायदा, आम्ही सरकारची स्तुती क्वचितच करतो तरी सांगितले पाहिजे, चांगला आहे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे त्याला तक्रार नेता येते. म्हणजे खामगावचा प्रश्न ग्राहकापुरता विधिमंडळानेच सोडवून टाकला. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आणखी पुढे जाऊन, भारतात स्थापन न झालेली परंतु येथील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा विकणारी परकी संस्थाही या नियमांच्या कक्षेत आणली. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची, निवारण महिन्यात करावयाचे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाण्यापासून ते अडवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविलेच आहे. न्यायालयेही मागे राहिली नाहीत. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका परकी कंपनीच्या प्रकरणात असे म्हटले की, दिल्लीतील ग्राहक जर संकेतस्थळावर मागणी नोंदवून पैसे देत असेल तर दुकान दिल्लीतच आहे असे समजावयास हरकत नाही. आणि वाचकांस मौज वाटेल, या निर्णयासाठी ज्या जुन्या निवाड्याचा आधार घेतला गेला त्यात खामगावच्या सरकीच्या पेंडीचाही होता!

तेव्हा मास्तर पुण्याच्या आयोगापुढे गेले तर त्यांची तक्रार ऐकली जाईल आणि बहुधा निकालही त्यांच्या बाजूने लागेल. पुढे काय? ज्या कंपनीचे भारतात कार्यालय नाही, गुदाम नाही, बँकेत खाते नाही, तिच्याविरुद्धचा हुकूम बजावावयाचा कोठे? दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांच्या परस्पर अंमलबजावणीची आपली व्यवस्था ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांसारख्या मोजक्या देशांशी आहे. अमेरिका आणि चीन, म्हणजे नेमके जेथून माल येतो आणि जेथे ही संकेतस्थळे नांदतात ते देश, त्या यादीत नाहीत. परकी न्यायालयांच्या निकालांना मान्यता देण्यासंबंधीचा हेग येथील २०१९ चा करार सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला आहे; त्यातही आपण नाही. याच्या उलट बाजू पाहा. कंपनीच्या अटींतील लवादाने मास्तरांविरुद्ध निवाडा दिला असता, तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारान्वये तो निवाडा जगातील एकशेसत्तरांहून अधिक राष्ट्रांत बजावणीसाठी पुढे करता येतो, आणि भारत १९६० पासून त्या करारात आहे. ग्राहकाच्या प्रकरणात येथील न्यायालय त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहील हा प्रश्न निराळा. परंतु एका पक्षाच्या हातात चालणारे नाणे आणि दुसऱ्याच्या हातात गावापुरती कवडी, ही स्थिती आज उघड आहे. इलेक्ट्रॉनिक व्यापाराच्या कायद्यातील खरी दरी आमच्या मते हीच होय.

ही दरी कोणाच्याच लक्षात आली नाही असे नव्हे. अशा लहानलहान सीमापार तंट्यांचा निकाल संगणकावरूनच लावण्याची एखादी जागतिक पद्धत असावी म्हणून अनसिट्रलच्या एका कार्यगटाने २०१० साली काम आरंभिले. सहा वर्षे खल झाला. युरोपीय राष्ट्रांचा हट्ट असा की, वाद निर्माण होण्यापूर्वीच लवादाला दिलेली संमती ग्राहकाला बांधू शकत नाही. अमेरिकेचा आग्रह असा की, बांधिलकी नसेल तर निकालाला किंमत काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघेही हटले नाहीत. २०१६ साली जे हाती आले ते कोणावरही बंधनकारक नसलेले तांत्रिक टिपण. युरोपीय संघाने स्वतःपुरते एक तक्रारपीठ उभारून पाहिले. त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात असे आढळल्यावरून जुलै २०२५ मध्ये तेही बंद करण्यात आले.

ज्या गोष्टींवर मोठ्या राष्ट्रांचे हित अवलंबून असते, त्यांच्या वाटाघाटी मात्र अशा विझत नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हा परिषदेत मे १९९८ मध्ये असे ठरले की, इलेक्ट्रॉनिक प्रेषणांवर तूर्त जकात बसवू नये. या ‘तूर्त’चे आयुष्य पुढे पाव शतकाहून अधिक वाढले. मुंबईचे जकातनाके २०१७ च्या जुलैत उठले. परंतु त्यापूर्वीच, एकेकाळी पेटीत घालून बंदरात उतरणारी चित्रपटाची रिळे, ध्वनिमुद्रिका, पुस्तके ही तारेतून विनाजकात येऊ लागली होती. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी या सवलतीविरुद्ध सातत्याने आवाज उठविला. जी राष्ट्रे आयात करतात त्यांचा महसूल बुडतो आणि उद्या छापील वस्तूंप्रमाणे यंत्राचे भागही आराखड्याच्या रूपाने तारेतून येऊ लागले तर काय, असा त्यांचा सवाल होता. फेब्रुवारी-मार्च २०२४ मधील अबू धाबी परिषदेत ही सवलत चौदावी मंत्रिपरिषद किंवा ३१ मार्च २०२६ यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंतच वाढविण्यात आली. मुदतवाढ मिळो वा न मिळो, मूळ वाद तारखेने मिटण्यासारखा नाही. येथे आम्ही भारताच्या बाजूचे आहोत. आपला अधिकार न वापरणे निराळे आणि तो कायमचा सोडून देणे निराळे.

पण दुसऱ्या एका गोष्टीत सरकारचे धोरण आम्हांस पटत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ब्युनोस आयर्स येथे काही सभासद राष्ट्रांनी इलेक्ट्रॉनिक व्यापाराचे नियम आपापसांत ठरविण्याचा संकल्प सोडला, २०१९ च्या जानेवारीत वाटाघाटी सुरू झाल्या आणि जुलै २०२४ मध्ये एक मसुदा सिद्ध झाला. भारत आरंभापासून दूर राहिला. सर्व सभासदांची संमती नसता काहींनी जमून नियम करणे हे संघटनेच्या तत्त्वाला सोडून आहे हा आपला आक्षेप तात्त्विकदृष्ट्या बळकट आहे. तथापि गेल्या काही वर्षांत काय घडले ते पाहावे. माहितीचा सीमापार प्रवाह, संगणक-आज्ञावलींचा गुप्तपणा या ज्या कलमांची आपल्याला धास्ती होती, त्यांचा पाठिंबा २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेनेच काढून घेतला, आणि अंतिम मसुद्यात ती राहिली नाहीत. राहिले ते इलेक्ट्रॉनिक सह्या, कागदविरहित व्यापार, नको असलेले जाहिरातींचे संदेश आणि ऑनलाइन ग्राहकाचे संरक्षण. यांत भारताला भिण्यासारखे काय होते? उलट, जगातील सर्वांत मोठ्या ग्राहकवर्गांपैकी एक ज्याच्या पाठीशी आहे त्या देशाने त्या टेबलाशी बसून ग्राहकाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे कलम मागावयास हवे होते. न बसणाऱ्याला वाढपी वाढीत नाही. द्विपक्षी करारांत आपण असे बसलोही आहोत: संयुक्त अरब अमिरातींबरोबरच्या २०२२ च्या करारात आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर झालेल्या करारातही डिजिटल व्यापाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील ग्राहकविषयक भाषा मात्र बहुतांशी सहकार्याची आहे.

करांचा आणि खासगी माहितीचा प्रश्न या अग्रलेखाच्या मर्यादेबाहेरचा आहे. परकी कंपन्यांच्या ऑनलाइन व्यवहारांवर २०२० साली बसविलेला दोन टक्के कर ऑगस्ट २०२४ पासून आणि जाहिरातींवरचा २०१६ पासूनचा सहा टक्के कर एप्रिल २०२५ पासून आपण उठविला, त्यांच्या जागी यावयाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था अडखळतच आहे, एवढे नमूद करून पुढे जातो. देयकांची माहिती भारतातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश मात्र येथे आठवावयास हवा. इच्छा असली म्हणजे परक्या कंपनीलाही येथे पाय रोवावयास लावता येते, हे त्याने दाखवून दिले. जी कंपनी आपल्या लोकांकडून कार्डाने पैसे घेते तिने तक्रारींच्या भरपाईपुरती काही अनामत भारतातील एखाद्या बँकेत ठेवावी, असा नियम करणे अशक्य आहे काय? पैसे जाण्याची वाट जर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालून जाते, तर ते परत येण्याची वाटही तेथूनच काढता येईल. २००५ च्या अभिसंधीवर सही करणे हे तर त्याहून सोपे. आपल्या २००० च्या कायद्यातील बहुतेक तत्त्वे तिच्यात आहेतच. विरोध कशाला आहे हे सरकारने एकदा संसदेपुढे मांडावे.

यापुढचे कोडे अधिक अवघड आहे आणि ते दाराशी येऊन ठेपले आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या एका आभासी चलनाच्या बाजारात तांत्रिक बिघाडामुळे दोन संगणकांनी चालू भावाच्या सुमारे अडीचशे पट दराने आपापसांत सौदे केले. माणसे त्या वेळी तेथे नव्हतीच. होकार कोणी दिला? जाणीव कोणाची धरावयाची? तेथील अपील न्यायालयाने २०२० साली सांगितले की, आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहावे. अनसिट्रलने २०२४ साली अशा स्वयंचलित करारांसाठीही आदर्श कायदा संमत केला आहे. खामगावात निदान टेलिफोन धरणारा एक माणूस तरी होता.

मास्तरांनी आमच्या आग्रहावरून गेल्या महिन्यात तक्रार दाखल केली. तीही संगणकावरूनच, नातीच्या मदतीने. विरुद्ध पक्षाचा पत्ता म्हणून संकेतस्थळावर परदेशातील एका टपालपेटीचा क्रमांक तेवढा आढळला, तोच त्यांनी लिहिला आहे. नोटीस त्या पेटीत पडली की बजावली गेली असे समजावयाचे, की कोणी उघडून वाचल्यावर, हा मुद्दा आता उपस्थित होईल असे त्यांचे वकील सांगतात. नायलॉनचे कुंचले पुरावा म्हणून जसेच्या तसे पुडक्यात ठेवलेले आहेत आणि मास्तर सध्या शाळेतल्या जुन्याच कुंचल्यांनी रंगवीत आहेत.